आयी, तुमच्या मूठभर आवळ्यांसाठी

प्रिय आयी,

सप्रेम नमस्कार.

माझी लेक हे पत्र तुम्हाला चिनी भाषेत वाचून दाखवेल. तरीही ते मी मराठीत आणि चारचौघांसमोर लिहिते आहे. त्या दुपारी तुम्ही मला जे पाजलंत त्याची चव सांगायला माझ्याजवळ शब्द आहेत ते याच भाषेतले. शिवाय इकडे माझ्यासारख्या कितीतरी जणींचा चहा साखरेपायी सुटला आहे. त्यांना तुमच्याबद्दल कळावं असं मनापासून वाटतं.

लेकीने तुम्हाला पहिली हाक मारली तेव्हा मी चमकले होते. 'आयी' म्हणजे तुमच्याकडे मावशी किंवा काकू, हे मला नंतर कळलं. त्या क्षणी मला ऐकू आलं ते 'आई'. घरापासून इतक्या लांब शिकणारी माझी मुलगी दुसऱ्या कुणाला आई म्हणते आहे, या विचाराने पोटात कालवलं. तेवढ्यात तुम्ही तिच्या गळ्यातला मफलर नीट केलात आणि मला बसायला स्टूल पुढे केलंत.

दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी माझी साखर बंद केली. बिनसाखरेचा दुधाचा चहा मी दोन घोट घ्यायची आणि कप बाजूला सारायची. आयुष्यभर सकाळ ज्याने सुरू झाली ती गोष्ट हातातून गेली, याचं दुःख कुणाला सांगायलाही संकोच वाटतो. चहाच तर आहे, असं लोक म्हणतात. चीनमधल्या कुनमिंगला आले तेव्हा लेकीने हौसेने तुमच्याच चहाच्या दुकानातली पुअर नावाच्या चिनी चहाची एक दाबलेली वडी आणून ठेवली होती. ती कॉलेजला गेल्यावर मी त्यातला तुकडा मोडला आणि आपल्या सवयीने आलं घालून पाच मिनिटं खळखळ उकळला. तो घशाखाली उतरेना. सगळा मोरीत ओतावा लागला आणि इतकं महागामोलाचं वाया घालवलं म्हणून मला रडू आलं. संध्याकाळी लेक म्हणाली, "उद्या आयींकडे जाऊ."

नोव्हेंबरचे शेवटचे दिवस होते. वाटेत छुईहू तळ्यावर पांढऱ्या कुरव पक्ष्यांची झुंबड होती. सायबेरियातून ते 1985 पासून दर हिवाळ्यात शहरात येतात, असं लेकीने सांगितलं. मला तुमच्यापाशी सोडून ती तासांना गेली. तुम्हाला मराठी येत नव्हतं, मला चिनी येत नव्हतं. मध्ये होता फक्त भाषांतर करणारा फोन.

पुअर म्हणजे काळा, ओल्या मातीचा वास येणारा चहा, एवढंच मला ठाऊक होतं. तो 'शौ', ढीग घालून, पाणी मारून मुरवलेला. ती रीत 1970 च्या दशकात तुमच्याच कुनमिंगमध्ये रुळली. तुम्ही मात्र त्याच वर्षीच्या वसंतात खुडलेला 'शंग', म्हणजे तसा न मुरवलेला कच्चा पुअर, काढलात. मोठ्या पानांच्या झाडाचा, कढईत परतून, हाताने मळून, उन्हात वाळवलेला आणि मग वाफ देऊन चकतीसारखा दाबलेला. तुमचं माहेर जिंगमाई डोंगराकडचं. ब्लांग आणि दाई जमातींच्या लोकांनी तिथे जंगलातल्या उंच झाडांच्या सावलीत चहा वाढवला, तो इतकी शतकं राखला, आणि 2023 मध्ये त्या चहाच्या रानांना युनेस्कोने जागतिक वारशात घेतलं. नकाशावर तो डोंगर दाखवताना तुमचं बोट जरा जास्त वेळ तिथे थांबलं होतं. मी माहेरवाशीण आहे, मला ते कळलं.

चहा करण्याआधी तुम्ही पुढ्यात गुलाबाच्या सारणाची बिस्किटं ठेवलीत. मी नको म्हटलं, फोनवर कारण दाखवलं. तुम्ही काही न बोलता ती बशी उचललीत आणि भाजलेल्या सूर्यफुलाच्या बिया आणून ठेवल्यात. कोवळा शंग रिकाम्या पोटी घेऊ नये, हे त्यावेळी फोनने नीट सांगितलेलं एकमेव वाक्य.

सात ग्रॅम पानं, झाकणाच्या छोट्या वाडग्यात. पहिलं पाणी ओतून लगेच फेकलंत. मग वाडग्यातला चहा आधी एका काचेच्या भांड्यात, आणि त्यातून आपल्या दोघींच्या पेल्यांत. त्या भांड्याच्या नावात 'न्याय' असा शब्द आहे. सगळ्यांना सारखाच कडक, सारखाच फिका चहा मिळावा म्हणून ते मध्ये. मला फार आवडलं ते. आमच्याकडे पातेल्याच्या तळचा चहा कुणाच्या वाट्याला येतो हे घरातल्या बाईला विचारा.

पहिला पेला वाळक्या गवताच्या रंगाचा. वास ओल्या हरभऱ्याचा, सोलताना बोटांना येतो तसा, आणि मागून कुठल्याशा फुलाचा. चव जवळजवळ नाहीच. दुसऱ्याला रंग पिवळा झाला आणि जिभेच्या कडा आवळल्या. तिसऱ्याला कडू कमी, पण तुरट इतकं की गाल आत ओढले गेले. मी पेला खाली ठेवला. मला वाटलं, झालं, हाही आपल्यासाठी नाही. पर्सकडे हात गेला होता माझा.

तुम्ही फोनमध्ये एक शब्द बोललात: 'हुईगान'. फोन म्हणाला, 'परतीचं गोड'. मला काहीच बोध होईना. तुम्ही पुन्हा बोललात, फोनने पुन्हा तेच सांगितलं. मग तुम्ही उठलात, दुकान तसंच उघडं टाकून रस्ता ओलांडलात आणि परतलात तेव्हा तुमच्या मुठीत आवळे होते.

आवळे! आमच्या रानातले असतात तसेच, छोटे, पोपटी. एक मला दिलात, एक स्वतः चावलात, आणि साधं पाणी पुढे केलंत. मी पाणी प्यायले आणि हसूच फुटलं. शाळेच्या फाटकाबाहेर मीठ लावलेला आवळा खाऊन नळाला तोंड लावलं की पाणी गोड लागायचं, ती मी आठ वर्षांची मुलगी झाले. तुम्ही कागदावर त्या फळाचं नाव लिहिलंत, त्यातल्या एका अक्षराभोवती गोल केलात, आणि तेच अक्षर 'हुईगान'मध्ये दाखवलंत. तुमच्या भाषेत आवळ्याचं नावच 'मागे उरणाऱ्या गोडाचं फळ' आहे. मी तुम्हाला 'तुरट' म्हणायला शिकवलं. तुम्ही 'तुलत' म्हणालात, आणि ते मला पुरेसं होतं.

त्यानंतरचे पेले मी वेगळ्या जिभेने प्यायले. घोट गिळायचा आणि गप्प बसायचं, एवढंच तुम्ही खुणेने सांगितलंत. चौथ्याला तुरटपणा आला आणि वितळला, जिभेखाली पाणी सुटलं. पाचव्याला घशाच्या मागून गोडी वर आली. साखरेचा एक कण नसताना. दोन वर्षांनी चहा मला गोड लागला होता, आयी. माझे डोळे भरले ते तुम्ही पाहिलंत आणि किटलीकडे वळलात, माझं मला आवरू दिलंत.

सहावा, सातवा, आठवा. तुम्ही एकाच हाताने दहापर्यंत मोजता. सहाला अंगठा आणि करंगळी, आठला अंगठा आणि तर्जनी. सुरुवातीला पाणी ओतलं की लगेच गाळत होतात, मग दहा मोजायला लागलात, मग तीस, शेवटी मिनिटभर. नवव्याला जर्दाळूची आठवण आली. अकराव्याला चहा थंड डोंगरी ओढ्यासारखा झाला, नुसता ताजा आणि स्वच्छ. तेराव्यानंतर तुम्ही वाडगा उपडा केलात आणि एक पान माझ्या तळहातावर पसरलंत. एक कळी, दोन पानं, जाड देठ, दातेरी कडा. इतकी पाणी झेलूनही नुकतं खुडल्यासारखं हिरवट. मी ते पान पुस्तकात ठेवून घरी आणलं आहे.

तीन तास तुम्ही मला दिलेत. त्या दिवशी काही विकलं नाहीत. मी पैसे काढले तर माझा हात दोन्ही हातांनी परत पर्सकडे नेलात. वडी मी निघायच्या आदल्या दिवशी हट्टाने घेतली.

इथे नाशिकला पहिल्यांदा केला तेव्हा चहा तुमच्यापेक्षा कडू उतरला. मी घाबरले, पण कारण नंतर उमगलं. कुनमिंग समुद्रसपाटीपासून सुमारे 1,900 मीटरवर आहे, तिथे पाणी 94 अंशांच्या आसपासच उकळतं. आमच्याकडे ते जास्त तापतं. आता गॅस बंद केल्यावर मी किटलीचं झाकण काढून थोडी थांबते. वडी 357 ग्रॅमची. एकटीपुरते पाच ग्रॅम घेते, म्हणजे सत्तर दुपारी पुरेल. तुम्ही बजावल्याप्रमाणे मसाल्यांपासून लांब, लोखंडी कपाटात कापडाच्या पिशवीत ठेवली आहे. पावसाळ्यात तिचं कसं करायचं ते लेकीजवळ सांगून ठेवा.

तिच्याबरोबर एक बरणी पाठवते आहे. त्यात आवळासुपारी आहे, आवळा किसून मीठ, आलं लावून मी गच्चीवर वाळवलेली. चिमूटभर तोंडात धरा, चघळा, आणि वर कोमट पाणी प्या. कितव्या घोटाला गोड लागलं ते हाताच्या खुणेने तिला दाखवा. ती फोटो काढून मला पाठवेल.

तुमची,
तिची आई