नळाला पाणी आलं म्हणून सक्युलंटला घालू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पुरवणीत कुंडीतल्या झाडांवर काही आलं की मी कात्रण कापून ठेवते, पण त्यातलं बरंचसं पुण्या-मुंबईच्या हवेला धरून असतं, म्हणून हे मुद्दाम आपल्या सोलापूरसाठी लिहितेय. विषय आहे सक्युलंटचा. ती जाड पानांची छोटी झाडं हल्ली घरोघरी भेट म्हणून येतात आणि दोन महिन्यांत कचऱ्यात जातात.

माझ्या मुलानं पुण्याहून सहा आणली होती, त्यातली चार गेली. शेजारच्या काकू म्हणाल्या, "काय ओ वहिनी, निवडुंगाच्या जातीचं झाड सोलापूरच्या उन्हात मरतंय म्हणजे काय, पाणी कमी पडलं असंल की." मलाही तेच वाटलं म्हणून मी अजून पाणी घातलं, आणि त्यानंच ती गेली हे फार उशिरा कळलं, अजून वाईट वाटतं.

आपल्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, चार-पाच दिवसांनी येतं. ज्या दिवशी येतं त्या दिवशी बॅरल, हंडे, बादल्या रिकाम्या करून ताजं भरायचं, आणि ते शिळं पाणी वाया कसं घालवायचं म्हणून सगळं कुंड्यांना. तुळशीला, जास्वंदीला चालतं ते. पण सक्युलंटची तहान नळाच्या वारावर ठरत नाही ना. ही झाडं पाणी पानातच साठवतात, पानांची छिद्रं दिवसा बंद ठेवतात आणि रात्री गारव्यात उघडतात. मे महिन्यात पारा ४२-४३ ला जातो, रात्रीसुद्धा भिंती तापलेल्या असतात, तेव्हा एचेव्हेरियासारखी (ती गुलाबाच्या फुलासारखी पानं मांडलेली) झाडं वाढ जवळपास थांबवून बसतात, मुळं फारसं पाणी ओढत नाहीत, आणि आपण मात्र ऊन बघून जास्त ओततो. ओली माती, वरून उष्णता, मुळं कुजणारच.

आता रोग कसा ओळखायचा. सगळ्यात फसवणारं लक्षण म्हणजे सुरकुतलेलं पान. ते बघून सगळे तांब्या घेऊन धावतात. आधी मातीत बोट घाला, किंवा उदबत्तीची काडी तळापर्यंत खोचून बाहेर काढा. माती कोरडी ठणठणीत आणि पान सुरकुतलेलं, तर झाड तहानलंय, भरपूर पाणी घाला, खालच्या भोकातून निघेपर्यंत, दोन-तीन दिवसांत पान टणक होतं. पण माती ओली आणि तरी पान सुरकुतलेलं असेल तर मुळंच सडलीत, प्यायला तोंडच उरलं नाही झाडाला, तिथं अजून पाणी म्हणजे संपलंच. पान पिवळट, काचेसारखं आरपार दिसायला लागलं, हात लावला की गळून पडतं, तर पाणी जास्त झालंय. अगदी खालचं एखादं पान कागदासारखं वाळलं तर घाबरू नका, ते जुनं झालेलं असतं. झाड उंच, किडकिडीत झालं तर उजेड कमी पडतोय. उन्हात ठेवल्यावर पानावर तपकिरी डाग पडला तर ते भाजणं आहे, तो डाग जाणार नाही पण नवीन पानं चांगली येतात, म्हणून उन्हाची सवय हळूहळू लावायची, आधी सकाळचं कोवळं ऊन.

सडलेलं झाड वाचतं का तर बऱ्याचदा वाचतं, फक्त शेंडा अजून टणक असायला हवा. कुंडीतून काढा, माती झटका, काळी बुळबुळीत मुळं कापून टाका. खोडही काळं असेल तर स्पिरिटनं पुसलेल्या ब्लेडनं खालून वर कापत जायचं, कापलेला भाग पांढरट-हिरवा, एकही तपकिरी ठिपका नसलेला दिसेपर्यंत. मन घट्ट करावं लागतं, मी पहिल्यांदा बोटभर डागी खोड ठेवलं दया येऊन आणि ते पुन्हा सडलं. मग तो शेंडा सावलीत चार-पाच दिवस नुसता ठेवायचा, पाणी नाही, माती नाही, जखम सुकून खपली धरायला हवी. नंतर वाळू-मातीच्या कोरड्या मिश्रणावर (ते पुढे सांगते) टेकवायचा आणि मुळं दिसायला लागली की थोडं पाणी. गळालेली चांगली पानंही टाकू नका, मातीवर आडवी ठेवली तर काही आठवड्यांत बुडाशी बारीक मुळं आणि इवलंसं पिल्लू येतं. आपण लहानपणी वहीत पानफुटीचं पान ठेवायचो ना, ती एचेव्हेरिया आणि जेडच्या झाडाच्याच कुळातली.

माती हा तर आपला खास प्रश्न. आपली काळी माती पाणी धरून ठेवते म्हणून तर मंगळवेढ्याची ज्वारी रब्बीत नुसत्या ओलीवर उभी राहते, पण तोच गुण कुंडीत सक्युलंटला मारतो. निम्मी जाड वाळू आणि विटांचे बारीक तुकडे (भुकटी चाळून टाकायची), उरलेल्यात माती आणि थोडं खत, एवढ्यात भागतं. आणि कुंडीला भोक पाहिजेच, कॉफीचा मग कितीही सुंदर असला तरी.

पानांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण म्हणजे कीड, सांगोल्याच्या डाळिंबवाल्यांना विचारा, ते लगेच ओळखतील. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसानं एकेक टिपायचा आणि झाड वेगळं ठेवायचं. मात्र एचेव्हेरियाच्या पानावरची सारखी पसरलेली पांढरट पावडर तिची स्वतःची असते, उन्हापासून जपणारी, ती पुसू नका.

विकणाऱ्यांनाही एक कळकळीची विनंती आहे, झाडावर रंग फवारू नका, गोंदानं खोटी फुलं चिकटवू नका, रंगानं पान झाकलं की त्याला उजेड मिळत नाही. आणि तो लाल गोळ्याचा कॅक्टस विकताना सांगा की तो कलमी आहे, लाल भागात हरितद्रव्यच नसतं, खालच्या हिरव्या खोडावर तो जगतो आणि बहुतेकदा काही वर्षांतच जातो. माझ्या शेजारची एक छोटी मुलगी तो गेला म्हणून दोन दिवस रडत होती, तिला वाटलं तिचंच चुकलं.

संपादकसाहेब, महिन्यातून एकदा पाव कॉलम तरी सोलापूरच्या हवेतल्या कुंड्यांसाठी द्या, इथल्याच कुणाकडून लिहून घ्या. आणि हे पत्र सप्टेंबरच्या आत छापलंत तर फार बरं होईल, आपल्याकडे खरा जोराचा पाऊस तेव्हाच येतो, गच्चीवरच्या कुंड्या त्याआधी पत्र्याखाली सरकवायला हव्यात.

आपली,
एक वाचक, जुळे सोलापूर