रत्नागिरीला येताना पंचांग पाहून या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीची सुटी जवळ आली की रत्नागिरीच्या आसपासच्या ‘सर्वांत सुंदर’ किनाऱ्यांच्या याद्या सगळीकडे फिरू लागतात. छायाचित्रे खरी असतात आणि किनारेही खरोखर सुंदर आहेत. पण अमुक किनारा कोणत्या वेळी, कोणत्या तिथीला आणि कशासाठी चांगला, हे त्या याद्यांत कुठेच नसते. सकाळी ज्या वाळूवर मुले क्रिकेट खेळतात, तिथे दुपारी कमरेएवढे पाणी असते. जुलै 2025 मध्ये आरे-वाऱ्याला चार जण बुडाले, तेव्हा चार दिवस हळहळ झाली आणि याद्या पुन्हा तशाच फिरू लागल्या. म्हणून हे पत्र थोडे लांबले तरी छापावे, ही विनंती.

किनारा निवडण्याआधी भरतीची वेळ काढावी. त्याचा जुना हिशेब फार सोपा आहे. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. येतो तो भरतीचा तास. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकरा. पक्ष शुक्ल असो वा कृष्ण, हिशेब तोच, आणि दिवसा जी वेळ तीच साधारण रात्रीही. त्यानंतर सव्वासहा तासांनी ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण सहलीचा बेत आखायला एवढे पुरते. अचूक वेळ हवी असेल तर भरतीचे तक्ते पाहावेत, मात्र ते रत्नागिरीचेच असावेत. मुंबईची भरती आपल्यापेक्षा उशिरा होते आणि तिथले पाणी आपल्याहून बरेच जास्त चढते, त्यामुळे मुंबईच्या आकड्यांवर इथला बेत आखला की तो चुकतो.

दुसरी गोष्ट उधाण आणि भांग. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे दोन-तीन दिवस उधाण असते. तेव्हा पाणी उंच चढते, तेवढेच खाली जाते आणि येताजाताना त्याला जोर असतो. अष्टमीच्या सुमारास भांग असते. चढउतार जवळजवळ निम्म्यावर येतो. यातून दोन सोप्या निवडी निघतात. सूर्यास्ताला रुंद, ओल्या, आरशासारख्या वाळूवरून चालायचे असेल तर पौर्णिमा किंवा अमावास्येची संध्याकाळ घ्या, कारण पाच-साडेपाचला पूर्ण ओहोटी असते. मुलांना पाण्यात खेळवायचे असेल तर अष्टमी-नवमीची दुपार घ्या. दुपारी बारा-साडेबाराला ओहोटी आणि संध्याकाळी सहा-साडेसहाला भरती असल्यामुळे दोन ते पाच या वेळेत पाणी हळूहळू किनाऱ्याकडे येत असते आणि त्याला उधाणाची ओढ नसते.

आता गणपतीपुळे. रत्नागिरीहून किनाऱ्याच्या रस्त्याने सुमारे 25 किलोमीटर. बहुतेक लोक इथेच जातात, तेही संकष्टी-अंगारकीला, आणि दर्शन झाले की समोरच्या पाण्यात उतरतात. वरचा हिशेब इथे लावून पाहा. चतुर्थीला भरती दुपारी अडीच-तीनच्या सुमारास. म्हणजे रांगेतून बाहेर पडून, जेवून, उन्हे कलल्यावर लोक पाण्यात शिरतात तेव्हा समुद्र ओसरायला लागलेला असतो. पौर्णिमेला जेमतेम चार दिवस झालेले असतात, उधाणाचा जोर अजून पुरता गेलेला नसतो. हे योगायोगाने घडत नाही, प्रत्येक चतुर्थीला असेच असते. त्यात हा किनारा उघड्या समुद्राला सरळ तोंड करून आहे आणि इथला उतार उभा आहे. चार पावलांत गुडघ्यावरचे पाणी छातीला लागते. गणपतीपुळे दर्शनासाठी, प्रदक्षिणेसाठी आणि वाळूवर बसण्यासाठी आहे. पोहण्यासाठी ते निवडू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. गर्दी नको असेल तर शेजारी मालगुंडचा गायवाडीचा किनारा आहे. केशवसुतांचे स्मारक पाहून तिथे निवांत बसता येते. पण समुद्र तोच आहे, हे विसरू नये.

बुडण्याच्या बातमीत ‘भोवऱ्यात सापडला’ असे लिहिले जाते. बहुतेक वेळा तो भोवरा नसतो. लाटांनी किनाऱ्यावर आणून टाकलेले पाणी कुठून तरी परत जावे लागते आणि वाळूत जिथे खोलगट वाट असते तिथून ते एकवटून जाते. दोन्ही बाजूंना लाटा फेसाळत असतात आणि मधला पट्टा सपाट, जरा गडद, शांत दिसतो. पोहता न येणारा माणूस नेमका तिथेच उतरतो, कारण तिथे लाट अंगावर येत नाही. हे पाणी खाली ओढत नाही, बाहेर नेते. माणूस बुडतो तो किनाऱ्याकडे सरळ पोहण्याच्या धडपडीत दमून. अशा वेळी पाण्याशी झुंजायचे नाही. किनाऱ्याला समांतर, आडवे सरकत लाटा फुटताहेत त्या बाजूला जायचे आणि मग लाटांबरोबर आत यायचे. पोहता येत नसेल तर पाठीवर तरंगत हात वर करून मदत मागायची. काठावरच्या माणसाने मागोमाग उडी टाकू नये. एकाला वाचवायला दुसरा, दुसऱ्याला वाचवायला तिसरा, असेच एका घरातले तिघे-चौघे जातात. प्रत्येक पर्यटकाच्या गाडीत पाण्याचा पाच लिटरचा कॅन असतो. तो रिकामा करून, झाकण घट्ट लावून, दोरी असेल तर दोरी बांधून फेकावा. माणूस त्यावर तग धरतो. लगेच 112 ला फोन करावा.

शहराला लागून दोन किनारे आहेत, मांडवी आणि भाट्ये. मांडवीची वाळू काळी, कारण तिच्यात इल्मेनाइट हे जड खनिज आहे. भर दुपारी ती इतकी तापते की अनवाणी पाय ठेववत नाही. मांडवी ही संध्याकाळची जागा: जेट्टी, भेळ आणि रत्नदुर्गाच्या बाजूला उतरणारा सूर्य. भाट्ये लहान मुलांच्या कुटुंबाला त्यातल्या त्यात सोयीचे. वाळू लांब आणि सरळ, मागे सुरूची सावली, रस्ता जवळ. मात्र भाट्याची दोन टोके सारखी नाहीत. उत्तर टोकाला काजळी नदीचे मुख आहे. ओहोटीला खाडीतले सगळे पाणी त्या अरुंद मुखातून बाहेर धावते आणि तिथली वाळूही दर हंगामात जागा बदलते. त्या टोकाला गुडघाभर पाण्यातही जाऊ नये. झरी विनायकाच्या बाजूचा, दक्षिणेकडचा भाग निवडावा. ‘पांढरा समुद्र’ या किनाऱ्याचे नाव अजून यादीत असते, पण तिकडे आणि मिऱ्याला धूप इतकी झाली आहे की दगडी बंधारेच घालावे लागले. ते पाहायला जरूर जा, दगडांवरून पाण्यात उतरायला नको.

आरे-वारे हे उंचावरून पाहण्याचे ठिकाण आहे. घाटीतल्या वळणावरून दोन्ही किनारे आणि मधली डोंगराची सोंड एकदम दिसते, त्याला तोड नाही. गाडी वळणावर नको, रुंद जागी लावा. खाली वाळूत चालायला हरकत नाही. खाडीचे मुख आणि खडकांची कड या दोन्ही ठिकाणी पाणी वळते आणि ओढते, म्हणून तिथे उतरू नये. शांतपणे लांब चालायचे असेल तर अलीकडचे काळबादेवी निवडा. साखरतरच्या खाडीपासून आरेच्या खाडीपर्यंत किनाराच किनारा आहे. सावली आणि खाण्याची सोय फारशी नाही, पाणी बरोबर ठेवा.

दक्षिणेला पावसच्या पुढे गणेशगुळे आणि पूर्णगडाची खाडी ओलांडल्यावर गावखडी. दोन्ही निवांत. गावखडीच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात, साधारण नोव्हेंबर ते मार्च. एका घरट्यात शंभरच्या आसपास अंडी असतात आणि 45 ते 60 दिवसांत पिल्ले निघतात. पिल्ले उजेडाकडे जातात. रात्री मोबाइलचा दिवा लावला की ती समुद्र सोडून आपल्याकडे वळतात आणि खेकड्या-कुत्र्यांच्या तोंडी जातात. सुरूच्या बनात शेकोटीही नको. पिल्ले सोडतानाचा सोहळा पाहायचा असेल तर आधी वनविभागाकडे किंवा गावातल्या कासवमित्रांकडे चौकशी करून जावे. दिवस आणि वेळ कासवे ठरवतात, आपली सुटी नाही.

महिन्याचाही विचार हवा. पावसाळी लाटा किनाऱ्याची वाळू ओढून समुद्रात नेतात आणि शांत दिवसांत ती हळूहळू परत येते. त्यामुळे दिवाळीत जो किनारा उभा आणि कापलेला दिसतो, तोच जानेवारी-फेब्रुवारीत सपाट आणि रुंद होतो. गेल्या फेब्रुवारीचा अनुभव ऑक्टोबरमध्ये कामाला येत नाही. पावसाळ्यानंतर पहिले काही आठवडे उथळ पाण्यात जेलीफिश आणि पाकट (शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा) आढळतात. पाय उचलून टाकू नयेत, वाळूत घासत चालावे. पाकट बाजूला होते. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. माशांच्या विणीसाठी तर ही बंदी असतेच, पण त्या दिवसांत समुद्रही खवळलेला असतो. ज्यांचे पोट त्या पाण्यावर आहे ते होड्या वर ओढून ठेवतात, तेव्हा हौशी माणसाने त्यात उतरण्याचे काही कारण नाही.

वाळूवर गाडी नेण्याचे वेड वाढले आहे, त्याविषयी. ओली वाळू डांबरासारखी घट्ट वाटते. गाडी थांबली की चाकाखाली पाणी सुटते, वाळू सैल होते आणि रेस केली की चाक आणखी खाली जाते. शिवाय भरती एकसारखी चढत नाही. पहिल्या तासात ती जेमतेम कळते, आणि सहा तासांतले निम्मे पाणी तिसऱ्या आणि चौथ्या तासातच येते. ‘अजून लांब आहे’ म्हणून ढकलाढकलीत गेलेला तास इथेच महाग पडतो. पुढे इंजिनात खारे पाणी, मग क्रेन, आणि वाळूत सांडलेले तेल गावाच्या वाट्याला.

आमच्या मागण्या मोजक्या आहेत. भाट्ये, आरे-वारे आणि गणपतीपुळे इथे वाहनतळापाशीच एक फळा असावा. त्यावर रोज खडूने तीनच ओळी लिहाव्यात: आजची भरती, आजची ओहोटी, आणि आज कुठे उतरू नये. ‘समुद्रात उतरणे धोक्याचे आहे’ ही वर्षभर तीच राहणारी पाटी लोक वाचेनासे झाले आहेत. संकष्टीला आणि अंगारकीला जीवरक्षकांची जास्तीत जास्त कुमक दुपारी तीन ते सूर्यास्त या वेळेत ठेवावी, सकाळच्या गर्दीकडे पाहून नव्हे. निवासाची खोली देणाऱ्यांनी चावीबरोबर त्या दिवसाची भरतीची वेळ सांगावी. आणि आपल्या दैनिकाने रत्नागिरी आवृत्तीत सूर्योदय-सूर्यास्ताच्या शेजारी रत्नागिरीच्या भरती-ओहोटीच्या वेळा रोज छापाव्यात. दोन ओळींची जागा लागेल. दिवाळीआधी सुरुवात झाली तर याच हंगामात तिचा उपयोग होईल.

आपले,
रत्नागिरीतील काही वाचक