छांग, तुमच्या ‘खॉ थोत’साठी

नमस्कार छांग,

तुमचं नाव मला माहीत नाही. दुकानात येणारा प्रत्येक जण तुम्हाला ‘छांग’ म्हणतो, म्हणजे कारागीर, म्हणून मीही तेच म्हणते. हे पत्र मराठीत लिहितेय, कारण जे सांगायचंय ते दुसऱ्या कुठल्याच भाषेत मला धड जमणार नाही. ऑफिसमधली माझी मैत्रीण ते तुम्हाला थाईत सांगणार आहे. आणि माझ्या माणसांनीही ते वाचावं असं मला वाटतं.

परवा गुरुवारी तुम्ही माझ्या बाबांचे केस कापलेत. तुमच्या दृष्टीने अर्ध्या तासाचं काम, 120 बाथ. आमच्या घरात मात्र त्या दिवसापासून बाबा जेवताना बोलायला लागलेत.

त्यांच्या मिशीची गोष्ट तुम्हाला माहीत नाही, ती आधी सांगते. गेल्या वर्षी माझी आई गेली. मी एकुलती एक, भाऊ नाही, म्हणून क्रियाकर्म सगळं बाबांनीच केलं. दहाव्याला वाईच्या घाटावर न्हाव्याने त्यांचे केस उतरवले आणि मिशीही उतरवली. आमच्याकडे तसाच रिवाज आहे. माझ्या जन्माच्याही आधीपासूनची ती मिशी. आई कायम म्हणायची, ‘मिशी बघूनच हो म्हटलं मी.’ ती पुन्हा फुटायला लागली, भरायला लागली, तसे बाबाही हळूहळू माणसांत यायला लागले. मग मी त्यांना इकडे बँकॉकला घेऊन आले.

इथे आल्यावर पहिल्यांदा मी त्यांना मॉलमधल्या एका मोठ्या सलूनमध्ये नेलं. मी फोनवर शब्द शोधून, पाठ करून गेले होते. तत् फोम, केस कापायचेत. स फोम, केस धुवायचेत. कापून झाल्यावर बाबांना नेहमीसारखी डोक्याला चंपी हवी होती. मालिशला ‘नूआत’ म्हणतात हे मी वाचलं होतं, म्हणून म्हटलं, ‘नूआत, नूआत.’ केस कापणारी मुलगी शेजारणीशी बोलत होती. बोलता बोलताच तिने मशीन उचललं आणि बाबांच्या ओठावरून फिरवलं. डावीकडची मिशी गेली.

मिशीलाही नूआतच म्हणतात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. फरक फक्त सुराचा. माझा सूर चुकला, हे मी मान्य करते. पण खुर्चीतला म्हातारा माणूस दोन्ही हात वर करून मान मागे घेतोय, हे दिसायला कुठली भाषा लागते? उरलेली अर्धी मिशीही मग काढावीच लागली. तिथे पाच-सहा जण उभे होते. एकाच्याही तोंडून दिलगिरीचा शब्द निघाला नाही. मॅनेजरबाई आल्या, केस काय पुन्हा येतात असं इंग्रजीत म्हणाल्या आणि 650 बाथचं बिल पुढे केलं. टॅक्सीत बाबा ओठावर रुमाल धरून बसले होते. घरी आल्यावर एवढंच म्हणाले, ‘पुन्हा दहावा झाला बघ.’

त्यानंतर अडीच महिने ते कुठल्याही दुकानाची पायरी चढले नाहीत. केस कानांवर आले, कल्ले वाढले, मानेवर लव साचली. मी घरी कात्री घेतली तर ‘राहू दे’ म्हणायचे.

तुमचं दुकान ऑन नुत स्टेशनकडून घरी येताना मला रोज दिसायचं. दाराशी फिरणारा तांबडा-पांढरा-निळा खांब, आत जुन्या जड खुर्च्या. बुधवारी बाबांना कसंबसं तयार करून आणलं तर दुकान बंद. शेजारच्या फळवाल्या मावशी हात हलवून म्हणाल्या, ‘वान फुत! वान फुत!’ मैत्रिणीला फोन लावला तेव्हा कळलं की इथे बुधवारी केस कापणं अशुभ मानतात आणि जुनी दुकानं त्या दिवशी बंदच असतात. बाबा थबकले. ‘फुत म्हणजे बुध की काय?’ बुधच! मग शुक्रवार वान सुक, शनिवार वान साव, मंगळवार वान अंगखान, म्हणजे आपला अंगारक. ‘आपल्याकडे सोमवार, शनिवार पाळतात, यांच्याकडे बुध,’ असं म्हणत बाबा घरापर्यंत चालत आले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी न सांगता ते बूट घालून बसले होते.

छांग, आता तुम्ही जे केलंत ते लिहिते.

बाबा खुर्चीत बसले. तुम्ही कापड पांघरलंत, मानेशी गाठ मारलीत. मग समोर येऊन उभे राहिलात, दोन्ही हात जोडलेत, मान खाली घातलीत आणि म्हणालात, ‘खॉ थोत ना ख्रप, फी.’ त्यानंतरच बाबांच्या डोक्याला हात लावलात.

खॉ थोत म्हणजे माफ करा, इतकं मला येत होतं. थाई माणूस डोकं पवित्र मानतो, दुसऱ्याच्या डोक्याला सहज हात लावत नाही, हेही ऐकून होते. फी म्हणजे थोरला भाऊ किंवा बहीण, इथे आमचा दादा. पण त्या रात्री मी मैत्रिणीला तो शब्द नीट विचारला. ‘खॉ’ म्हणजे मागणे. आणि ‘थोत’ हा आमचाच शब्द निघाला, संस्कृतातला दोष! म्हणजे तुम्ही अजून काहीही केलेलं नसताना, केवळ एका वडीलधाऱ्या माणसाच्या डोक्याला हात लागणार म्हणून, दोष स्वतःकडे मागून घेतलात. हे बाबांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘मला तेव्हाच कळलं होतं.’ आणि त्यांचे डोळे भरून आले. आई गेल्यापासून मी त्यांना रडताना पाहिलेलं नव्हतं.

तुम्ही सगळं त्यांना विचारत होतात, मला नाही, हेही मी पाहिलं. दोन बोटांत अंतर धरून ‘थाव नी?’, एवढे? बाबांनी मिशीवर हात आडवा धरला, तेव्हा तुम्ही कात्री खाली ठेवलीत. स्वतःच्या ओठावर बोट ठेवून आवाज खालीच धरून म्हणालात, ‘नूआत.’ मग स्वतःचा खांदा दाबत सूर वरून खाली सोडलात, ‘नूआत.’ बाबांकडून दोन्ही चार-चार वेळा म्हणवून घेतलंत, सूर बरोबर लागेपर्यंत. पाठोपाठ ‘नूआत माय तॉंग कोन’ शिकवलंत, मिशी काढायची नाही. दुकानातले बाकीचे दोन म्हातारे मान डोलावत होते. शेवटी कात्रीने मिशीची टोकं सारखी केलीत, मानेला पावडर लावलीत आणि डोक्याला चंपी केलीत. न मागता.

माणूस भाषेमुळे परका होत नाही, छांग. बाबा पुण्यात बँकेच्या काउंटरवरही परके झालेले मी पाहिलेत, मराठी बोलणाऱ्या माणसासमोर. वर न बघता ‘पुढे, पुढे’ म्हणणारी माणसं सगळीकडे आहेत. समोरच्याला माणूस समजून आधी विचारायचं, मग हात लावायचा, ही रीत तुम्हाला कुणी शिकवली असेल त्यांनाही माझा नमस्कार.

बाबांनी आता एक वही केलीय. त्यात देवनागरीत लिहिलंय: खांग म्हणजे बाजू, सन म्हणजे आखूड, याव म्हणजे लांब, लेम नित दियाव म्हणजे अगदी जरासे छाटा, फो लॅव म्हणजे पुरे. दोन्ही ‘नूआत’च्या पुढे बाण काढलेत, एक सरळ आडवा, एक खाली उतरणारा. सकाळी गॅलरीत ते मोठ्याने म्हणत असतात.

तीन आठवड्यांनी ते एकटेच येणार म्हणतात. बुधवार टाळून येतील. त्यांना उजव्या कानाने कमी ऐकू येतं, तेवढं डावीकडून बोला.

तुमची,
त्यांची मुलगी