ऊर्जामंत्र्यांना खुले पत्र : टेस्ट रिपोर्टवर ‘ओके’ नको, आकडे हवेत

माननीय ऊर्जामंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

आमच्या बाथरूममध्ये गिझरच्या सॉकेटमागे एक हिरवी वायर होती. हिरवी म्हणजे अर्थिंगची, गळणारी वीज जमिनीत नेणारी. बोटभर लांब, सॉकेटच्या वरच्या पिनेला नीट आवळलेली आणि दुसऱ्या टोकाला काळ्या टेपात गुंडाळून भिंतीत खुपसलेली. पुढे ती कशालाच जोडलेली नव्हती. माझी ७४ वर्षांची आई तीन आठवडे त्या गिझरखाली आंघोळ करत होती आणि त्या तीनही आठवड्यांत ‘अर्थिंग ओके’ असं लिहिलेला, सही-शिक्क्याचा टेस्ट रिपोर्ट आमच्या कपाटात होता.

मी गोरेगाव पूर्वेला राहते. बिल्डिंग चाळीस वर्षांहून जुनी. यंदा घराचं काम काढलं : लाद्या, किचन, पीओपी आणि सगळी वायरिंग नवी. सोसायटीने डिपॉझिट घेतलं, डेब्रिज कुठे टाकायचं ते सांगितलं, भिंती फोडायचं मशीन दुपारी बंद ठेवायला लावलं, बाथरूमच्या वॉटरप्रूफिंगची हमी लेखी घेतली. खालच्या मजल्यावर पाणी गळू नये म्हणून एवढी काळजी, आणि ती बरोबरच आहे. पण वायरिंग कोण करणार, त्याच्याकडे परवाना आहे का, हे कोणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही.

दुसरा एसी घेतल्यामुळे वीज कंपनीकडे मंजूर लोड वाढवायचा अर्ज केला. तेव्हा परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागेल असं कळलं. आमचा इंटिरियरवाला म्हणाला, “ताई, टेन्शन घेऊ नका, रिपोर्ट मी आणून देतो.” दीड हजार रुपये दिले, दोन दिवसांत कागद आला. ज्यांची सही होती त्या ठेकेदाराने आमच्या घराचा उंबरठाही ओलांडला नव्हता. अर्ज मंजूर झाला. हे बरोबर नाही, असं तेव्हाच मनात आलं होतं, पण घर पसरलेलं, आईची तब्येत नाजूक, म्हणून गप्प बसले. त्याची बोचणी अजून आहे.

पुढे माझ्या मिस्टरांचे मामा जेवायला आले. आयुष्यभर इलेक्ट्रिकल सुपरवायझर म्हणून काम केलेला माणूस. कागद हातात घेऊन त्यांनी एकच विचारलं, “रीडिंग कुठे आहे?” इन्सुलेशन : ओके. अर्थिंग : ओके. आकडा एकही नाही. पुढच्या रविवारी ते मेगर घेऊन आले.

मेगर ५०० व्होल्टचा दाब देऊन वायरचं इन्सुलेशन, म्हणजे वरचं आवरण, शाबूत आहे का ते मोजतो. आकडा किमान १ मेगाओहम तरी यायला हवा. किचनच्या एका लाइनला ०.३ आला, कारण ट्रॉली बसवताना सुताराचा स्क्रू वायरच्या पाइपात घुसला होता. गिझर आणि वॉशिंग मशीन एकाच १.५ चौरस मिलिमीटरच्या वायरवर होते आणि त्या वायरला डीबीत, म्हणजे घरातल्या स्विचच्या मुख्य पेटीत, एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडून वीज तोडणारा स्विच) होता ३२ अँपिअरचा. मामांनी ते मला समजावलं तसंच सांगते : गिझर आणि मशीनमधला हीटर एकदम चालले तर साधारण १७ अँपिअर करंट जातो, भिंतीतली एवढी बारीक वायर तापायला लागते आणि ३२ चा एमसीबी पडतच नाही. आरसीसीबी तर बसवलेलाच नव्हता. ३० मिलिअँपिअरची गळती झाली की वीज तोडणारं हे उपकरण ओल्या बाथरूममध्ये जीव वाचवतं. नवीन टाइल्स फोडून सगळं परत करावं लागलं. पैसे गेले त्याचं काही नाही. मामा त्या दिवशी जेवायला आले नसते तर काय, हा विचार मात्र जात नाही.

महोदय, नियम नाहीत असं अजिबात नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षाविषयक विनियमांनुसार, २०१० च्या आणि त्यांच्या जागी आलेल्या २०२३ च्याही, वायरिंगमधली वाढ किंवा बदल परवानाधारक ठेकेदारानेच, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्या देखरेखीखाली करायचा असतो. सूट आहे ती दिवा, पंखा, फ्यूज, स्विच बदलण्यासारख्या किरकोळ कामांना. गणपतीच्या मंडपाला जोडणी घेताना परवानाधारकाकडूनच काम करून घ्या, असं वीज कंपन्या दरवर्षी बजावतात. इमारत ३० वर्षांची झाली की महापालिकेच्या कायद्याने स्ट्रक्चरल ऑडिट लागतं. मग त्याच जुन्या इमारतीत एकेका घराच्या भिंती फोडून नवी वायर ओढली जाते, तेव्हा ती कोणी तपासायची? लोड वाढवला नसता तर आमच्याकडे तो खोटा कागदसुद्धा कोणी मागितला नसता.

म्हणून माझी मुख्य मागणी साधी आहे. टेस्ट रिपोर्टमध्ये ‘ओके’ लिहायला जागाच ठेवू नका. प्रत्येक सर्किटचं मेगरचं रीडिंग, अर्थिंगचं रीडिंग, वायरची जाडी आणि तिच्यासमोर एमसीबीचं रेटिंग, आरसीसीबी चाचणीत पडला की नाही, हे सगळं आकड्यांत आणि तारखेसह लिहिणं सक्तीचं करा. घरमालकाची सही त्या रीडिंगखाली घ्या, म्हणजे माणूस निदान घरी आला होता एवढं तरी ठरेल. पहिली तपासणी भिंत उघडी असताना, प्लास्टरच्या आधी व्हावी. नंतर फक्त टाइल्स दिसतात.

लोड वाढो न वाढो, पूर्ण वायरिंग बदलली की हा रिपोर्ट लागलाच पाहिजे. सोसायटीने डिपॉझिट परत करताना तो मागावा, यासाठी सहकार खात्याशी आपण बोलावं. ठेकेदाराचा परवाना क्रमांक टाकला की नाव आणि मुदत मोबाईलवर दिसावी. विद्युत निरीक्षकांनी आलेल्या रिपोर्टांपैकी थोडे तरी प्रत्यक्ष घरी जाऊन पडताळावेत आणि न पाहता सही करणाऱ्याचा परवाना थांबवावा.

आणि आमच्याकडे काम केलेल्या पोराविषयी. वयाने विशीतला, सकाळी नऊपासून रात्री सातपर्यंत राबायचा, उरलेल्या वायरचा तुकडासुद्धा विचारून घ्यायचा. मामांनी त्याला बोलावून मेगर दाखवला, तेव्हा तो म्हणाला की हे यंत्र तो पहिल्यांदाच बघतोय. हिरवी वायर ‘लावायची असते’ एवढंच त्याला कोणी तरी सांगितलं होतं. अशा मुलांना संध्याकाळच्या छोट्या प्रशिक्षणातून वायरमनच्या परवान्यापर्यंत नेणारी वाट आयटीआयमार्फत काढा. कारवाई त्याच्यावर होऊ नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.

त्या रिपोर्टची प्रत, मामांनी लिहून दिलेली रीडिंगं आणि हिरव्या वायरचा फोटो सोबत जोडत आहे. फोटोत टेप सोडवलेला आहे, वायरचं मोकळं टोक स्पष्ट दिसतं.

आपली नम्र,
गोरेगाव पूर्व येथील एक रहिवासी