ऐरोली टाइप केलं तरी यादी का येत नाही

नौपाडा, ठाणे

प्रिय मंदार,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या साइटच्या शोधपेटीत 'ऐरोली' टाइप केलं की सुचवलेल्या ठिकाणांची यादी कधी कोरी, कधी भलतीच येते, हे वाचलं. कोडला हात लावण्याआधी ब्राउझरमध्ये एफ १२ दाब, नेटवर्क टॅब उघड आणि रिस्पॉन्स, म्हणजे सर्व्हरचं उत्तर, बघ. स्टेटस कोड ५०० आला तर चूक सर्व्हरवर. २०० येऊनही उत्तर कोरं असेल, तर माझा पहिला संशय पीएचपीच्या जेसन एन्कोडवर (json_encode, यादी ब्राउझरला पाठवण्याजोगी करणारं फंक्शन). एकाच नावात तुटका यूटीएफ-८ (अक्षरं बाइटमध्ये साठवण्याची पद्धत) बाइट असला तरी ते फंक्शन सगळ्या यादीऐवजी फॉल्स देतं, आणि फॉल्स छापला की काहीच दिसत नाही.

नावांऐवजी प्रश्नचिन्हं दिसली, तर टेबल यूटीएफ-८-एमबी-४ (utf8mb4, मायएसक्यूएलमधलं पूर्ण यूटीएफ-८) असून भागत नाही, डेटाबेसचं कनेक्शनही तसंच लागतं. मायएसक्यूएल ८.० च्या आधी मूळ सेटिंग लॅटिन-१ होतं, त्यात देवनागरी मावत नाही. साठवतानाच प्रश्नचिन्हं झालेली नावं मात्र परत मिळत नाहीत, ती नव्याने भरावी लागतील.

यादी संथ असेल तर क्वेरी, म्हणजे डेटाबेसला केलेली विचारणा, बघ. लाइकमध्ये (LIKE) शब्दाच्या दोन्ही बाजूंना टक्क्याचं चिन्ह ('इथे काहीही चालेल') दिलंस तर इंडेक्स, म्हणजे झटपट शोधायची सूची, वापरला जात नाही. ते फक्त शेवटी ठेव आणि लिमिट १० लाव, म्हणजे दहाच नावं येतील. पण कोणी 'कोपरखैरणे' लिहितं, कोणी 'कोपर खैरणे'. म्हणून स्पेस काढलेल्या नावांचा वेगळा कॉलम कर, इंडेक्स त्यावरच दे आणि टाइप केलेल्या शब्दातलीही स्पेस काढून मगच शोध. वेबपानांवरून कॉपी केलेल्या नावांत झिरो-विड्थ जॉइनर हे अक्षरं जोडणारं, न दिसणारं चिन्हही येतं. तेही कॉलम आणि टाइप केलेला शब्द, दोन्हीकडून काढ. डोळ्यांना नावं सारखीच दिसतात, म्हणून यात माणूस दिवस घालवतो.

शोध सुरू करायला किमान दोन अक्षरांची अट ठेवत असशील, तर ती स्ट्रलेनने (strlen) तपासू नकोस. ते बाइट मोजतं, आणि एकटा 'ठ' तीन बाइटचा, म्हणजे अट लगेच पार. एमबी-स्ट्रलेन (mb_strlen) वापर.

भलती यादी येण्याचं कारण बहुधा उत्तरांचा क्रम. 'क'चं जड उत्तर 'कळवा'च्या उत्तरानंतर पोहोचतं आणि बरोबर यादी पुसून टाकतं. नवी रिक्वेस्ट पाठवताना जुनी अबॉर्टकंट्रोलरने (ब्राउझरमधली रिक्वेस्ट रद्द करायची सोय) रद्द कर आणि टाइपिंग थांबल्यावर ३०० मिलिसेकंद थांबूनच पाठव. मोबाइलच्या मराठी कीबोर्डवर कीअपचा (बटण सुटल्याचा इशारा) भरवसा नाही, इनपुट इव्हेंट (पेटीतला मजकूर बदलल्याचा इशारा) घे.

एवढं करूनही अडलं तर रिस्पॉन्स फाइलमध्ये सेव्ह करून पाठव. स्क्रीनशॉट नको, बाइट बघावे लागतील.

तुझा,
निनाद