फिनिक्स सन्सवरील भागातील चुका दुरुस्त करण्याबाबत

दि. 5 मे 2025

प्रति,
प्रमुख, मराठी क्रीडा विभाग

महोदय,

आपल्या ऑफ-सीझन पॅकेजचे आम्ही पैसे भरलेले वर्गणीदार आहोत. फिनिक्स सन्स या अमेरिकेतील एनबीए बास्केटबॉल संघावरच्या भागात हंगामाचा आढावा ठीक होता: 8 विजय-1 पराभव अशी सुरुवात, शेवटी 36-46, पश्चिम विभागात अकरावा क्रमांक, 14 एप्रिलला प्रशिक्षक बुडेनहोल्झरची हकालपट्टी. तीन वर्षांतला हा तिसरा प्रशिक्षक, हे मात्र राहून गेले. घोळ झाला तो 'पुढे काय' या अर्ध्या भागात.

'हरल्यामुळे निदान ड्राफ्टमध्ये वरचा पिक मिळेल,' असे निवेदक म्हणतात (ड्राफ्ट म्हणजे नव्या खेळाडूंची निवड, पिक म्हणजे त्यातला निवडीचा हक्क). मिळणार कुणाला? 2025 चा पहिल्या फेरीचा पिक केव्हिन ड्युरँट या खेळाडूच्या बदल्यात फेब्रुवारी 2023 मध्येच ब्रुकलिन संघाला गेला आणि आता तो ह्यूस्टनकडे आहे. सन्सच्या पराभवांचा फायदा ह्यूस्टनला.

नंतर पडद्यावर सन्सचे खेळाडू ब्रॅडली बील आणि ग्रेसन अ‍ॅलन यांचे पगार जोडून त्यांच्या बदल्यात एक मोठा खेळाडू आणून दाखवला. दुसऱ्या एप्रनच्या, म्हणजे लीगने संघाच्या एकूण पगारासाठी आखलेल्या वरच्या रेषेच्या (2024-25 मध्ये सुमारे 18 कोटी 89 लाख डॉलर) वर राहणाऱ्या संघाला दोघांचे पगार असे एकत्र करताच येत नाहीत. दिलेल्या पगारापेक्षा जास्त पगारही परत घेता येत नाही. शिवाय बीलच्या करारात नो-ट्रेड कलम आहे. त्याच्या होकाराशिवाय तो कुठेही जात नाही, आणि भागात या कलमाचा उल्लेखच नाही!

'बीलला सोडून द्या, पगार सुटेल,' हेही चूक. त्याचे 2025-26 चे 5 कोटी 37 लाख आणि 2026-27 चा पर्याय त्याने घेतला तर 5 कोटी 71 लाख डॉलर बाकी आहेत. स्ट्रेच केले, म्हणजे बाकी पगार जास्त वर्षांत विभागला, तर उरलेल्या वर्षांची दुप्पट अधिक एक, म्हणजे 5 वर्षे, दरवर्षी सुमारे 2 कोटी 20 लाख डॉलर संघाच्या खात्यावर दिसत राहतील. काही रक्कम सोडायला बील तयार झाला, तरच हा आकडा खाली येईल. खरी चर्चा यावर हवी होती.

दुसऱ्या एप्रनच्या वर गेल्याने गोठलेल्या, म्हणजे अदलाबदलीत देता न येणाऱ्या, 2032 च्या पिकाबद्दलही एक शब्द नाही. पुढच्या 4 पैकी 2 हंगामांत संघ पुन्हा त्या रेषेच्या वर गेला, तर तो पिक पहिल्या फेरीच्या तळाला ढकलला जातो.

12 मेच्या लॉटरीआधी (ड्राफ्टमधल्या वरच्या पिकांचा क्रम ठरवणारी सोडत) हा भाग काढून दुरुस्त आवृत्ती द्यावी. ते जमणार नसेल, तर पॅकेजचे पैसे परत करावेत.

आपले,
वर्गणीदार