ऊसतोड मजुराच्या मोळीचं वजन ठरवा

मा. कामगार मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

साहेब, सप्रेम नमस्कार.

माणसाला इजा होईल एवढं ओझं उचलायला लावू नये, हे 1948 सालीच कारखाने अधिनियमाच्या कलम 34 मध्ये लिहिलं गेलं. पण ते गेटच्या आत. गेटबाहेर, फडात, त्याच कारखान्याचा ऊस डोक्यावर वाहणाऱ्या आमच्या बीडच्या बाईला ते कधी लागलं नाही.

डोकी सेंटरचं, म्हणजे मोळ्या डोक्यावर वाहून ट्रक भरणाऱ्या टोळ्यांचं काम एकदा जवळून पाहा. ऊस बुडख्यातून तोडायचा म्हणजे दिवसभर कंबरेत मोडून राहायचं. वाढं छाटायचं, मोळी बांधायची आणि तीस-चाळीस किलोची ती मोळी घेऊन ट्रकला लावलेल्या अरुंद फळीवरून वर चढायचं. गाडी भरत जाते तशी चढण वाढते. कितीदा तर गाडीच रात्री येते. पाय घसरून घरी बसलं, की खाडा धरायला मुकादम तयार!

धारूरला माझं मेडिकल आहे. पट्टा पडून, म्हणजे गळीत हंगाम संपून, टोळ्या परतल्या की कंबर, मान, गुडघ्याच्या गोळ्यांना मागणी वाढते. असलं गिऱ्हाईक वाढल्याचा आनंद होत नाही. ‘अंग बाहेर येतं’, म्हणजे गर्भपिशवी खाली सरकते, हे तर बायका माझ्या पत्नीलाच हळूच सांगतात. बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढण्याच्या प्रकारांवर 2019 मध्ये सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. गाजले ते दवाखाने. डोक्यावरच्या ओझ्याबद्दल कुणी फार बोललं नाही.

मागणी साधी आहे. मोळीच्या वजनाला मर्यादा घाला, बाईसाठी ती आणखी कमी ठेवा. फळी रुंद, आडव्या पट्ट्या ठोकलेली आणि कारखान्याने पुरवलेली असावी. गरोदर बाईला फळीवर चढवूच नये. जिथे शक्य आहे तिथे भरणी यंत्राने व्हावी. मात्र एक ध्यानात घ्या : मजुरी टनावर आहे. मोळी हलकी झाली की खेपा वाढणार, आणि दर तोच राहिला तर मजूरच ती पुन्हा मोठी बांधतील. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडायची असते हो. म्हणून वजनासोबत तोडणीचा दरही वाढवावा लागेल.

गाळप परवाना साखर आयुक्त देतात, ते खातं सहकाराचं, हे ठाऊक आहे. तरी ओझं कामगाराच्या डोक्यावर आहे, म्हणून पत्र तुम्हाला. या अटी परवान्यातच घालून घ्या, आणि टोळ्या दसरा-दिवाळीला गाव सोडतात, त्याआधी घाला.

आपला,
एक मेडिकल दुकानदार,
धारूर, जि. बीड